जिमी वाइल्ड की मिगेल कांतो : पैज कुणावर?

फ्लायवेट म्हणजे बॉक्सिंगमधला हलक्या गड्यांचा वजनगट. त्यातल्या थोरांची चर्चा निघाली की पहिलं नाव वाइल्डचं येतं. कांतो आठवतो तो कुणीतरी आठवण करून दिल्यावर. कारण उघड आहे. वाइल्डच्या खात्यावर 99 नॉकआउट (म्हणजे समोरच्याला पाडून मिळवलेले विजय), तर कांतोच्या 61 विजयांत जेमतेम 15. दोघांचे काळ वेगळे, त्यामुळे त्यांची लढत कल्पनेतच लावायची. पण हे आकडे बघून पैज लावणार असाल तर जरा थांबा. वाइल्डचे नॉकआउट कसे व्हायचे हे बघितलं की चित्र बदलतं.

वाइल्ड वेल्समधला, टायलर्सटाउनचा खाणकामगार. इतका बारीक की मोठ्या माणसांना शिरता येत नसे अशा फटीत घुसून कोळसा काढायचा. पुढे जत्रेतल्या बॉक्सिंगच्या तंबूत समोरच्याचं वजन न बघता उभा राहायचा. डिसेंबर 1916 मध्ये यंग झुलू किडला अकराव्या फेरीत संपवून तो जगज्जेता झाला. वजनगटाची मर्यादा 112 पौंड, आणि हा गडी बऱ्याचदा शंभरीच्या आसपासच! 'हातात हातोडा असलेलं भूत' हे त्याचं टोपणनाव उगाच पडलेलं नाही.

पण हातोड्याला वजन येत होतं कुठून? वाइल्ड हात कमरेपाशी सोडून उभा राहायचा, चेहरा उघडा. समोरच्याने ठोसा सोडला की कमरेतून मागे झुकायचा, ठोसा नाकासमोरून जाऊ द्यायचा, आणि तोल पुढे गेलेल्या त्या माणसाच्या जबड्यावर उजवा हात ठेवून द्यायचा. निम्मं वजन समोरचाच पुरवत होता म्हणा ना. एवढंसं पोर बघून धावत येणारे धिप्पाड गडी त्याच्यासाठी आयतं गिऱ्हाईक होते.

कांतो धावत येत नाही. मेक्सिकोतल्या युकातानमधल्या मेरिदाच्या या माणसाला 'एल माएस्त्रो', म्हणजे गुरुजी, म्हणत. 1969 मध्ये पदार्पणाचीच लढत तो नॉकआउटने हरला होता (अशी सुरुवात झालेले किती जण पुढे गुरुजी झाले असतील?). प्रशिक्षक चोलाइन रिव्हेरोच्या हाताखाली तो असा घडला की जानेवारी 1975 मध्ये जपानमध्ये जाऊन शोजी ओगुमाकडून त्याने डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेचा जगज्जेतेपदाचा पट्टा आणला आणि 14 वेळा राखला. बहुतेक वेळा पंधराच्या पंधरा फेऱ्या खेळून, पंचांनी दिलेल्या गुणांवर. बेतुलिओ गोन्सालेससारख्या खमक्यालाही त्याने असंच दोनदा परतवलं. जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा), अर्धं पाऊल बाजूला, पुन्हा जॅब. समोरचा चिडून आत आला की बरगडीत डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, आणि परत त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर.

आता ही जोडी रिंगमध्ये डोळ्यांसमोर आणा. वाइल्ड हात खाली सोडून चेहऱ्याचं आमिष दाखवतोय. कांतो चेहऱ्याकडे बघतच नाही, तो छातीवर जॅब टाकतो. मागे झुकणाऱ्याचं डोकं लांब जातं, पण छाती-पोट तेवढं मागे जात नाही. अशा चार फेऱ्या गेल्या की वाइल्डला स्वतः पुढे यावं लागेल, आणि तिथे त्याचा हातोडा हलका पडतो. मेम्फिस पाल मूर हा असाच निसटता खेळाडू. डिसेंबर 1918 मधली तीन फेऱ्यांची लढत मूरने जिंकली. पुढच्या वर्षी वाइल्डने परतफेड केली खरी, पण वीस फेऱ्या खेळून आणि गुणांवर. त्यात मूर बँटमवेट, म्हणजे फ्लायवेटहून जड गटातला होता, म्हणजे वाइल्डच्या चिकाटीला दाद द्यायलाच हवी.

वजनाचं काय? कांतो मर्यादेला लागून असायचा, म्हणजे जवळजवळ दहा पौंड जड. पण वाइल्ड आयुष्यभर जड माणसांनाच झोपवत आला, त्यामुळे मी याला फार किंमत देत नाही. उंचीत तर फरक नगण्य.

गंमत अशी की दोघांचंही जेतेपद एकतिसाव्या वर्षी गेलं, आणि तेही विशीतल्या, हात न थांबवणाऱ्या पोरांकडे. वाइल्डला 1923 मध्ये न्यूयॉर्कला पांचो व्हियाने सातव्या फेरीत पाडलं. कांतोला 1979 मध्ये बुसानमध्ये पार्क चान-हीने गुणांवर हरवलं. म्हणजे दोघांनाही झोडपून काढणाराच नडला, आणि इथे झोडपून काढणारा कुणीच नाही. वाइल्ड सावज येण्याची वाट बघणारा, कांतो टोचून निघून जाणारा. वाट बघणाऱ्याच्या फेऱ्या वाया जातात, टोचणाऱ्याच्या नावावर गुण चढतात.

म्हणून 1970च्या दशकातल्या नियमांनी, पंधरा फेऱ्यांत, मी कांतोवर पैसे लावेन : नऊ फेऱ्या त्याच्या, सहा वाइल्डच्या. मात्र तीच लढत वाइल्डच्या काळातल्या पातळ ग्लोव्हजने वीस फेऱ्यांची ठेवलीत, तर मी पैज फिरवून घेईन. सोळाव्या-सतराव्या फेरीत कांतोचं ते अर्धं पाऊल एकदा जरी उशिरा पडलं, तरी उजवा हात तिथे वाट बघत असणार.