उंदराच्या तोंडातलं दुखणं: आधी वजनकाटा, मग ऑटोस्कोप

पाळलेल्या उंदराचे दात बघायला पेनाएवढा, एलईडीचा ऑटोस्कोप (डॉक्टर कानात बघायला वापरतात ती दिव्याची नळी) ऑनलाइन मागवण्याआधी कोल्हापूरकरांनी महाद्वार रोडच्या बाजारातून 1 ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा किचन काटा आणावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उंदराला 16 दात असतात. पुढचे 4 पटाशीचे दात जन्मभर वाढतात, आठवड्याला साधारण 2-3 मिलिमीटर, आणि ते ओठ वर केला तरी दिसतात. पिवळे-नारिंगी असतील तर उत्तम. खालचे दोन अधूनमधून एकमेकांपासून फाकतात तेही ठीकच, खालच्या जबड्याचे दोन भाग जुळलेले नसतात. खरी अडचण मागच्या 12 दाढांची. गालांच्या आतल्या घड्या त्यांना झाकतात, त्यामुळे शुद्धीवरच्या उंदराच्या तोंडात ऑटोस्कोप घालून फारसं काही हाती लागत नाही. दाढेच्या मुळाशी पू झाला किंवा हिरडीला कॅन्सरची गाठ आली, की खाणं कमी होतं, वजन उतरतं आणि ते आधी काट्यावर दिसतं.

काटा ओट्याच्या सपाट फरशीवर ठेवा. आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवून टेअर (डब्याचं वजन वगळून आकडा शून्यावर आणणारं बटण) दाबा, मग उंदीर त्यात सोडा. आकडा नाचतो, म्हणून तीन वेळा बघून मधला लिहा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. दीड वर्षावरच्या उंदराला दोनदा. 400 ग्रॅमच्या उंदराचे 20 ग्रॅम उतरले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, 40 उतरले तर थेट डॉक्टरांकडे. युनिटचं बटण चुकून दाबलं की काटा औंस दाखवू लागतो, आणि उंदीर स्थिर होईपर्यंत आपोआप बंद पडला तर टेअर पुसलं जातं. सेल उतरले की आकडा सरकतो. 10 रुपयांची दहा नाणी ठेवून पाहा, 77 ग्रॅमच्या आसपास यायला हवं.

एका बाबतीत काटा फसवतो. गाठ मोठी होत असेल तर तिचंच वजन भरून शरीराची झीज लपते. म्हणून मोजताना जबड्याखाली, गालावर आणि डोळ्याखाली बोट फिरवाच. हनुवटी ओली, कडक दाणा उचलून टाकून देणं, एक डोळा पुढे आलेला, या खुणा वजनापेक्षा मोठ्या माना. नाका-डोळ्याभोवतीचा लाल थर बहुधा रक्त नसून पॉर्फिरिन, म्हणजे उंदराच्या डोळ्यांच्या स्रावातलं लाल द्रव्य असतं, पण ते वाढलं म्हणजे जनावर आजारी किंवा त्रासात आहे.

वाढलेले दात नेलकटरने कापू नका. दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. भूल देऊन बरने (दात घासायच्या छोट्या फिरत्या हत्याराने) दात घासणारा डॉक्टर शोधा, फोनवरच तसं विचारा. उंदराला उलटी होत नाही, त्यामुळे भुलीआधी रात्रभर उपाशी ठेवायचं कारण नाही. ऑटोस्कोप खरा कामाला येतो तो भूल दिल्यावर, डॉक्टरांच्या हातात. गाठ दिसली तर कापण्याआधी सुईने नमुना घ्यायला सांगा, कारण पू आणि कॅन्सर वरून सारखेच दिसू शकतात आणि दोघांचे उपचार अगदी वेगळे.