जागा थोड्या, प्रेक्षक जास्त: तिकीट पासवाल्यांना, सोडतीनं की रांगेनं?

अंतिम सामना ठरला, गॅलरीत चारशे माणसांची परवानगी मिळाली आणि बघायला येणारे दीड हजार. अशा वेळी कमिटीच्या बैठकीत तीन सूर हमखास निघतात. दरवर्षी वर्गणी देणाऱ्यांना आधी द्या, असं एकाचं म्हणणं. चिठ्ठ्या टाका, असं दुसऱ्याचं. तिसऱ्याचं म्हणणं, काउंटर उघडा, जो आधी येईल त्याचं तिकीट. सोलापुरात फुटबॉलच्या लहानमोठ्या स्पर्धा भरवणाऱ्यांना हा वाद काही नवा नाही. पण करोनाच्या दोन वर्षांत जगातल्या मोठमोठ्या क्लबांपुढे हाच प्रश्न अक्राळविक्राळ होऊन उभा राहिला आणि त्यांनी तो वेगवेगळ्या वाटांनी सोडवून पाहिला. आपल्याला त्यांचा अनुभव आयता मिळतो आहे, तो वापरायला हवा.

माझं मत आधीच सांगून टाकतो: नेहमीच्या प्रेक्षकांची यादी करा, पण निवड सोडतीनं करा. रांग शेवटी, उरलेल्या तिकिटांपुरती. असं का, ते पुढे.

इंग्लंडपासून सुरुवात करू. मार्च २०२० मध्ये थांबलेली प्रीमियर लीग जूनमध्ये पुन्हा सुरू झाली, पण रिकाम्या गॅलऱ्यांपुढे. २ डिसेंबर २०२० ला लॉकडाऊन उठला आणि सरकारनं भागाभागानुसार मर्यादा घातली: संसर्ग सर्वांत कमी तिथे जास्तीत जास्त ४,००० प्रेक्षक, मधल्या पायरीवर २,०००, सर्वांत जास्त तिथे एकही नाही. लगेच ३ डिसेंबरला आर्सेनलनं युरोपा लीगच्या सामन्याला २,००० प्रेक्षक आत घेतले. ६ डिसेंबरला लिव्हरपूलनं वुल्व्हजला ४–० असं हरवलं, तेव्हा त्यांच्या अॅनफिल्ड मैदानावरही २,००० च माणसं होती. आर्सेनलच्या मैदानात साठ हजारांहून जास्त खुर्च्या आहेत. म्हणजे तीस खुर्च्यांमागे एकसुद्धा माणूस नाही.

आता हिशेब करा. अशा क्लबांकडे सीझन तिकीटवाल्यांचीच, म्हणजे अख्ख्या हंगामाचा पास घेतलेल्यांचीच, संख्या कित्येक हजारांत असते. ‘जुन्यांना आधी’ एवढं म्हणून त्यांचा प्रश्न सुटत नव्हता, कारण जुनेच दहा-वीस पट होते. मग जुन्यांमध्येच सोडत काढावी लागली. बैठकीत आपल्याला निष्ठा आणि नशीब यांतलं एक निवडायचंय असं वाटतं, ते खरं नाही. निष्ठेनं यादी आखडते, निवड शेवटी सोडतच करते.

आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत ही अडचण येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये यात्रेचे विधी मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत झाले, आणि मिरवणुकीतल्या कुठल्या नंदीध्वजाचा (उंच मानाच्या काठीचा) मान कुणाचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. फुटबॉलमध्ये मानकरी असे जन्मानं ठरत नाहीत. ते कुणीतरी ठरवावे लागतात, आणि कमिटीनं ठरवायला घेतलं की तोंड बघून तिकीट वाटल्याचा आरोप आलाच. आरोप खोटा असला तरी त्याचा वास पुढच्या तीन वर्षांच्या वर्गणीला लागतो.

पासवाल्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं नाही असं मात्र नाही. पावसात, उन्हात, संघ सलग हरत असतानाही जो येतो, त्याला अंतिम सामन्याला बाहेर उभं करणं मनाला पटत नाही. मुंबई सिटी या फुटबॉल क्लबाच्या चाहत्यांचं काय झालं बघा. इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) २०२०–२१ चा अख्खा हंगाम गोव्यात, बंद दाराआड खेळवला गेला. त्याच हंगामात मुंबईनं साखळीत पहिलं येऊन शील्ड जिंकली आणि १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानला २–१ असं हरवून करंडकही घेतला. बिपिन सिंगचा विजयी गोल ९० व्या मिनिटाला आला. अंधेरीच्या मैदानावर वर्षानुवर्षं घसा कोरडा करणाऱ्यांपैकी एकालाही तो गोल गॅलरीतून बघता आला नाही. पुढच्या वर्षी, २० मार्च २०२२ ला गोव्यातल्या फातोर्ड्याच्या अंतिम सामन्याला प्रेक्षक परतले आणि केरळ ब्लास्टर्सच्या पाठीराख्यांनी मैदान पिवळं करून टाकलं. त्यांचा संघ हैदराबादकडून पेनल्टीवर हरला, पण निदान तो त्यांच्या डोळ्यांदेखत हरला. नेहमीच्या माणसाला आत घेण्याची धडपड का करायची, हे मला या दोन सामन्यांवरून पुरेपूर पटलेलं आहे.

पण पासाच्या यादीत येतो कोण? ज्याला हंगामाच्या सुरुवातीला एकरकमी पैसे भरता येतात तो. शेळगीहून सायकलवर येणारा चौदा वर्षांचा पोरगा त्या यादीत कधीच सापडणार नाही, आणि उद्याची गॅलरी तर त्याच्याच जिवावर भरायची आहे. जर्मनीत याची दुसरी बाजू दिसली. १९ सप्टेंबर २०२० ला डॉर्टमुंडच्या मैदानात ९,३०० प्रेक्षकांना प्रवेश मिळाला. त्या मैदानाची क्षमता ८१ हजारांच्या वर आहे. तिथली दक्षिणेची गॅलरी उभ्यानं बघणाऱ्यांची आहे, एका वेळी सुमारे पंचवीस हजार माणसं तिथे मावतात आणि जर्मनीत उभ्याची तिकिटं सगळ्यात स्वस्त असतात. क्लबांनी आपसात ठरवलेल्या नियमांत उभं राहण्यावर बंदी आली. नियम आरोग्यासाठीच होता, त्यात खोट नाही. पण जागा कमी झाल्या की सगळ्यात आधी स्वस्त जागा जातात, हे लक्षात ठेवायला हवं. आपल्याकडे स्वस्त जागा म्हणजे कुंपणाला टेकून फुकट बघणारे. त्यांच्यासाठी काही तिकिटं अगदी नाममात्र दरात वेगळी काढली नाहीत, तर ते नुसतेच गायब होतील.

आता रांग. ‘पहिला येईल त्याला’ हा मार्ग ऐकायला सर्वांत सरळ. २६ मार्च २०२२ ला आयपीएल सुरू झाली तेव्हा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याच्या मैदानांवर २५ टक्के प्रेक्षकांना परवानगी होती. तिकिटं ऑनलाइन निघाली. गहुंजे हे आपल्याला त्यातलं सर्वांत जवळचं मैदान. ज्याच्या हातात विक्रीच्या क्षणी चांगला फोन आणि मोकळा वेळ, त्याला तिकीट. यंत्रमागावर पाळीत उभ्या असलेल्या माणसाला मधेच माग सोडून फोन बघता येत नाही. एमआयडीसीतल्या पोरांचंही तेच. प्रत्यक्ष काउंटर लावला तरी मंगळवारी सकाळी दहाला पार्क चौकात कोण येऊन उभं राहू शकतं? रांग सगळ्यांना सारखी वागवत नाही, ती मोकळा वेळ असणाऱ्याला झुकतं माप देते. शिवाय रांगेत एक माणूस दहा तिकिटं घेतो आणि संध्याकाळी तीच दुप्पट भावानं विकतो. करोनाच्या काळात संपर्कातली माणसं शोधता यावीत म्हणून तिकिटावर नाव आणि नंबर आला. त्यामागचं कारण आता उरलं नाही, पण नावाची पद्धत ठेवण्यासारखी आहे. तिकीट नको असेल तर ते कमिटीलाच परत करायचं, परस्पर दुसऱ्याला द्यायचं नाही, एवढा एक नियम काळ्या बाजाराला पुरेसा आळा घालतो.

सोडतीचाही एक दोष आहे, आणि तो गंभीर आहे. घरातल्या चौघांनी अर्ज केला आणि एकाचंच नाव निघालं, तर बाप आत आणि पोरं बाहेर. म्हणून अर्ज माणशी घेण्याऐवजी घरटी किंवा गटाचा घ्यावा, एका गटात जास्तीत जास्त चार. अंतर ठेवून बसवायचं असेल तर यानं जागाही वाचतात. २४ खुर्च्यांची एक ओळ घ्या. प्रत्येकाच्या शेजारी दोन खुर्च्या रिकाम्या सोडल्या तर आठ माणसं बसतात. तेच चौघांचे गट करून गटामागे दोन खुर्च्या सोडल्या तर चार गट, म्हणजे सोळा माणसं. ओळ तीच, अंतर तेच, प्रेक्षक दुप्पट. इंग्लंडमध्येही एका घरातल्यांना एकत्र बसू दिलं होतं. साथ नसताना अंतराची गरज नाही, पण गटाचा अर्ज तरीही सोयीचा: चिठ्ठ्या कमी, भांडणं कमी.

सोडत उघड्यावर काढा. ज्याचं नाव निघालं तो पुढच्या सामन्याच्या यादीत खाली जाईल आणि ज्याचं निघालं नाही त्याच्या नावाच्या पुढच्या वेळी दोन चिठ्ठ्या पडतील, हे आधीच जाहीर करा. नशिबाचा राग माणूस गिळतो, वशिल्याचा नाही.

फोनवरचं तिकीट की कागदाचं, यावर तरुण मंडळी फार लवकर निकाल देतात. लिव्हरपूलसारख्या क्लबांनी २०२१–२२ च्या हंगामापासून तिकीट फोनमध्ये आणलं. फाटकावर फोन टेकवला की झालं. हाताळणी कमी, बनावट तिकीट जवळपास अशक्य. पण आपल्या गॅलरीत येणाऱ्यांकडे नीट बघा. बंद पडलेल्या गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा मला कायम दिसतात. पानाच्या चंचीत चुन्याच्या डबीखाली चार घड्या घातलेला पास असतो. फाटकाशी आले की ते आधी चंची उलगडतात, मग पास, मग तो मांडीवर सरळ करून दाखवतात. फोन आहे, पण बटणांचा. त्यांना ‘लिंक उघडा’ म्हणणं म्हणजे घरी जा म्हणणं. क्यूआर कोड कागदावरही छापता येतो. तोच कोड फोनवर पाठवा आणि तोच कागदावर द्या, फाटकावरच्या पोराला काहीच फरक पडत नाही.

वेळेचा हिशेब मात्र कराच. नाव, ओळखपत्र आणि कोड तपासायला माणशी वीस सेकंद धरली तर एका फाटकातून तीनशे माणसं आत जायला शंभर मिनिटं लागतात. दोन फाटकं असतील तर पन्नास. तिकिटावर आत येण्याची वेळ छापा, नाहीतर आतली गर्दी टाळायला गेलेले तुम्ही बाहेरची गर्दी तयार कराल.

सामना रद्द झाला तर? हा प्रश्न तिकीट छापण्याआधी सोडवायचा. सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीतल्या बायर्न म्युनिक क्लबाच्या शाल्कविरुद्धच्या सलामीच्या सामन्याला ७,५०० प्रेक्षक येणार होते. म्युनिकमध्ये रुग्ण वाढले आणि आदल्या दिवशी प्रवेश रद्द झाला. लंडनमध्येही डिसेंबरच्या सुरुवातीला उघडलेल्या गॅलऱ्या १६ डिसेंबरला पुन्हा बंद झाल्या. त्याआधी, २०१९–२० च्या उरलेल्या सामन्यांसाठी मँचेस्टर युनायटेडनं सीझन तिकीटवाल्यांना दोन पर्याय दिले होते: न झालेल्या सामन्यांच्या प्रमाणात रोख परत, किंवा तेवढी रक्कम पुढच्या हंगामात वळती. मोठ्या क्लबाला वळतं करणं जमतं, कारण तो पुढच्या वर्षीही खेळणार हे नक्की असतं. आपली स्पर्धा पुढच्या वर्षी भरेलच याची हमी कोण देतं? म्हणून आपल्यासाठी एकच पर्याय: पैसे परत, आठ दिवसांत, आणि तेवढी रक्कम खर्चाला हात न लावता बाजूला ठेवलेली.

बाहेरगावच्या प्रेक्षकांबद्दल मी युरोपच्या उलट मताचा आहे. इंग्लंड आणि जर्मनीत सुरुवातीला पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना प्रवेशच नव्हता. साथीत ते बरोबर होतं. पण अंतिम सामन्यात पंढरपूर किंवा बार्शीचा संघ असेल आणि गॅलरीत त्यांचं एकही माणूस नसेल, तर त्याला सामना म्हणवत नाही. चारशेतल्या साठ जागा त्यांच्या संघाच्या हवाली करा आणि वाटप त्यांच्यावर सोपवा. रद्द झाल्याचा निरोप मात्र त्यांना सर्वांत आधी द्या, एसटीत बसण्याआधी.

उरलेल्या ३४० चं मी असं करीन: २०० नेहमीच्या प्रेक्षकांच्या सोडतीला, ८० शाळकरी मुलांच्या वेगळ्या सोडतीला नाममात्र दरात, ६० सर्वांसाठी खुल्या सोडतीला. कमिटीचे आणि पाहुण्यांचे पास यातून काढायचे नाहीत, त्यांच्यासाठी मैदानाकडेच्या खुर्च्या आहेत. सामना रविवारी असेल तर अर्ज आदल्या रविवारपर्यंत घ्या. सोडत बुधवारी रात्री आठला, म्हणजे दिवसपाळीवाल्यांनाही समोर उभं राहून बघता येईल. तिकीट नेण्याची मुदत शुक्रवार रात्रीपर्यंत. जी नेली नाहीत ती शनिवारी प्रतीक्षा यादीच्या क्रमानं, आणि त्यातूनही उरली तर रविवारी सकाळी काउंटरवर, माणशी एक.