अनाबिन: फुकट आहे, भरवशाचंही आहे, पण अर्धंच वाचलं तर फसाल

जर्मनीला शिकायला किंवा नोकरीला जायचं तर आपली पदवी तिथे कितपत धरतात, हे अर्जावर पैसे घालण्याआधी पाहून घ्यावं. त्यासाठी अनाबिन हा डेटाबेस आहे. जर्मन राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेचं बॉनमधलं कार्यालय, झेडएबी, तो चालवतं. पैसे लागत नाहीत.

शोध दोनदा घ्यायचा असतो आणि नेमकं इथेच बहुतेक जण चुकतात. पहिला शोध संस्थेचा. देश म्हणून भारत निवडा, मग शहर. तिथे कॉलेजचं नाव सापडलं नाही की विद्यार्थी घाबरतात. पण मुंबई-पुण्याची बहुतेक कॉलेजं संलग्न असतात, पदवी विद्यापीठ देतं. म्हणून प्रमाणपत्रावरचं विद्यापीठ शोधा. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये बदललं, तेव्हा नावापेक्षा शहरावरून शोधणं सोपं. एच+ म्हणजे संस्था मान्य, एच- म्हणजे अमान्य, एच+/- म्हणजे प्रत्येक प्रकरण वेगळं तपासणार.

एच+ दिसलं म्हणून थांबू नका. त्यात तुमच्या पदवीबद्दल काहीच कळत नाही. दुसरा शोध पदवीचा: नाव आणि कालावधी तुमच्याशी जुळणारी नोंदच धरा, बी.ई.ची नोंद बी.एस्सी.ला चालत नाही. निकाल ‘एंटश्प्रिश्ट’ (जर्मन पदवीशी जुळते) किंवा ‘ग्लाइखवेर्टिग’ (समकक्ष) असेल तर उत्तम. ‘बेडिंग्ट फेरग्लाइखबार’ (अंशतःच तुलनीय) असेल तर ब्लू कार्डचं, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्याचं, काम होत नाही. व्हिसासाठी दोन्ही पानांची प्रिंट जोडा. नोंदच नसेल किंवा एच+/- असेल, तर झेडएबीकडून पदवीचं स्वतंत्र मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि त्याला २०० युरोंच्या वर खर्च येतो.

नुसत्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. भारतात पदवीचं एक वर्ष पूर्ण करणं, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण होणं किंवा श्टूडिएनकोलेग (जर्मनीतला प्रवेशपूर्व तयारीचा अभ्यासक्रम) हे नेहमीचे मार्ग.

अनाबिनची मोठी उणीव गुणांची आहे. तुमचे गुण जर्मन श्रेणीत किती होतात, हे त्यात सापडत नाही. ते बव्हेरियन सूत्राने काढावे लागतात: कमाल गुणांतून आपले वजा करा, कमाल आणि उत्तीर्णतेची किमान मर्यादा यांतल्या फरकाने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. जर्मनीत १ सर्वोत्तम, ४ काठावर पास. १० पैकी ८.२ सीजीपीए आणि किमान ४ धरलं तर १.९ येतं, तेच किमान ५ धरलं तर २.०८. प्रवेशाची अट २.० असेल तर या एका आकड्यावर अर्ज बाद होतो. ट्रान्स्क्रिप्टसोबत ग्रेडिंग स्केल आणि त्यात उत्तीर्णतेची मर्यादा छापून घ्याच, विद्यापीठात दुसरी खेप घालावी लागली तरी.

कागद खरे की खोटे हेही अनाबिन तपासत नाही. ते काम एपीएसचं, म्हणजे जर्मन दूतावासाच्या कागदपत्र-पडताळणी केंद्राचं, फी १८,००० रुपये. नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी त्याचं प्रमाणपत्र बंधनकारक आहे. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या अर्ज छाननाऱ्या सामाईक सेवेतून जातात: पहिल्याला ७५ युरो, त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सत्राची मुदत अनेक ठिकाणी १५ जुलै असते, पण युनि-असिस्टच्या छाननीतच काही आठवडे जातात. एपीएस प्रमाणपत्र त्याआधी हातात हवं.