हेलिकॉप्टर रोटरच्या गणितासाठी काय निवडावं: फ्री-वेक की सीएफडी?

हेलिकॉप्टरच्या नव्या रोटरला थ्रस्ट किती मिळेल आणि पॉवर किती लागेल, एवढंच हवं असेल तर फ्री-वेक (पात्यांमागच्या भोवऱ्यांचा माग काढणारी सोपी पद्धत) पुरतं. वेगवान उड्डाणात पिच लिंकवर (पात्याचा कोन बदलणाऱ्या दांड्यावर) किती भार येईल हे हवं असेल, तर मात्र सीएफडीचा (कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स, म्हणजे हवा जाळीत विभागून प्रवाह गणण्याच्या पद्धतीचा) खर्च करावाच लागतो.

फ्री-वेकमध्ये पातं म्हणजे एक लिफ्टिंग लाइन, लिफ्ट देणारी नुसती रेषा. एअरफॉइलचे, म्हणजे पात्याच्या छेदाचे, गुणांक विंड टनेलच्या तक्त्यांतून येतात आणि मागे सुटलेले भोवरे एकमेकांना ढकलत वाहतात. साध्या संगणकावर उत्तर काही मिनिटांत येतं, त्यामुळे पात्यांची संख्या, रुंदी, पीळ बदलून अनेक पर्याय तपासता येतात. सीएफडीत रोटर पाव अंश फिरेल एवढा टप्पा घेतला, तर एका फेरीलाच १४४० टप्पे. जाळीच्या पेशी कोट्यवधी, आणि अनेक संगणकांचा क्लस्टर तासन्‌तास, कधी काही दिवस अडकून राहतो.

तरीही तो खर्च का करावा, हे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरच्या यूएच-६०ए वरून कळतं. १९९३-९४ मध्ये नासा आणि अमेरिकी लष्करानं त्याच्या पात्यावर २४२ प्रेशर ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारे संवेदक) बसवून उड्डाणं केली. १५८ नॉटला (ताशी सुमारे २९३ किमी) उड्डाणाच्या दिशेनं पुढे जाणाऱ्या पात्याचं टोक ०.८८ मॅकच्या (ध्वनीच्या वेगाच्या ०.८८ पट) आसपास पोचतं. तिथे शॉक (हवेच्या दाबातली एकदम उडी) तयार होतो, पिचिंग मोमेंट (पात्याला पिळणारा जोर) बदलतो, पातं पिळलं जातं आणि लिफ्ट ऋण होते. लिफ्टिंग लाइनला हा मोमेंट नीट पकडता येत नव्हता, म्हणून ऋण लिफ्टची जागाही चुकायची. २००४ मध्ये पॉट्सडॅम, यिओ आणि जॉन्सन या संशोधकांनी ओव्हरफ्लो हा सीएफडी कोड कॅमराड-२ या कॉम्प्रिहेन्सिव्ह कोडला (पात्यांची हालचाल आणि लवचीकता एकत्र गणणाऱ्या प्रोग्रॅमला) जोडला आणि वर्षानुवर्षं अडलेला हा प्रश्न सुटला.

त्यातली जोडणीच महत्त्वाची. पातं ताठ धरून केलेलं सीएफडी, जाळी कितीही बारीक असो, हेलिकॉप्टर पुढे उडत असतानाच्या भारांसाठी मला भरवशाचं वाटत नाही. पात्याची लवचीकता आणि ट्रिम (उड्डाण समतोल ठेवणारी नियंत्रणांची मांडणी) कॉम्प्रिहेन्सिव्ह कोडनं सांभाळायची, हवेचा भार सीएफडीनं द्यायचा, आणि उत्तर स्थिर होईपर्यंत ही देवाणघेवाण चालू ठेवायची.

हॉवरचं, म्हणजे हवेत एका जागी तरंगण्याचं, चित्र वेगळं. जाळी जाड असेल तर सीएफडीत पात्याच्या टोकाचा भोवरा लवकर विरतो. फ्री-वेकला ती अडचण नाही. टोकाच्या आकारातले बारीक फरक तपासायचे असतील तरच इथे सीएफडी घ्या. फ्यूजलाजवरचा (हेलिकॉप्टरच्या धडावरचा) डाउनवॉश, म्हणजे रोटरनं खाली ढकललेली हवा, पाहायला रोटरऐवजी ॲक्चुएटर डिस्क (हवा खाली ढकलणारी कल्पित चकती) ठेवलेलं सीएफडी बरेचदा पुरतं.

सीएफडी निवडलंत, तर आधी कॅराडोना आणि टंग यांचा १९८१ चा हॉवर प्रयोग गणून पाहा: दोन पाती, पीळ नाही, छेद एनएसीए ००१२ या प्रमाणित एअरफॉइलचा. तिथले दाब जुळत नसतील, तर स्वतःच्या रोटरकडे वळू नका.