कपाट हलकं करून देणारी ताई

इंदुरात सध्या 'वॉर्डरोब डिटॉक्स' नावाचा प्रकार घरोघरी फिरतो आहे. घरी येऊन कपाट लावून देणार, तुम्हाला कुठले रंग शोभतात ते सांगणार, ऑफिसला काय, लग्नाला काय, कशावर काय घालायचं याचे फोटो काढून देणार. हे काम करणाऱ्या सगळ्याच बायका लबाड असतात असं माझं म्हणणं नाही. पण माझ्याकडे जी येऊन गेली ती जाताना सासूबाईंचा शालू, आईची पैठणी आणि एक जुनी चंदेरी घेऊन गेली, आणि वर १८,१०० रुपये. तिचं नाव लिहीत नाही. प्रकरण चालू आहे, आणि नाव ती तसंही बदलते. पद्धत बदलत नाही, म्हणून पद्धत सांगते.

सुरुवात आमच्या भिशीत झाली. कुणाच्या तरी ओळखीने ती 'रोजच्या पेहरावातला आत्मविश्वास' या विषयावर बोलायला आली. साध्या सुती साडीवर पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, कानात एवढेसे मोती. बोलणं मराठी, मधूनच आपलं इंदुरी 'काय करून राहिलात'. इथल्या 'सानंद' या मराठी संस्थेच्या नाटकाला भेटलो असतो तर गप्पा मारल्या असत्या अशी बाई.

आणि तिला येत होतं, हे आधी सांगायला हवं. आमच्यातल्या एकीला तिने सगळ्यांसमोर पुन्हा साडी नेसवली. आधी पायात चपला घालायला लावल्या, कारण ज्या उंचीच्या चपला घालून बाहेर पडायचं त्या घालूनच नेसलं तर खालची कड सारखी येते. सुती साडीखालचा सॅटिनचा परकर बदलायला लावला, कारण त्यावरून निऱ्या घसरतात. खांद्यावरचा पदर दोन बोटं आत घेतला. ब्लाउज काखेत खोल कापलं की हात वर करताना सबंध ब्लाउज वर चढतं, मग बाई दिवसभर ते खाली ओढत बसते आणि लोकांना वाटतं हिला साडी सवयीची नाही, हे तिने करून दाखवलं. तीच मैत्रीण, तीच साडी, आणि बाई वेगळीच दिसायला लागली. यातलं काहीही खोटं नव्हतं. मी आजही सँडल घालूनच नेसायला घेते.

लोक आता मला म्हणतात, इतकी शिकलेली तू, कशी फसलीस? जिला काहीच येत नाही ती कुणाला फसवणार? फसवते ती कामात तरबेज असलेली. तिचं पहिलं तासाभराचं काम फीच्या लायकीचंच होतं.

फी ५,००० रुपये, आगाऊ, यूपीआयवर. घरी आली तेव्हा दिवाणखान्याचे पडदे ओढून घेतले, रिंग लाइट लावला आणि माझ्या गळ्याशी एकेक रंगाचं कापड धरत गेली. 'तुम्ही ऑटम आहात, मॅम.' स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर असे चार ऋतू करून त्वचेचे रंग बसवायची ही पद्धत परदेशातली. ती खरी-खोटी कशी का असेना, निदान दिवसाच्या नैसर्गिक उजेडात, तोंडाला पावडरसुद्धा न लावता करायची असते. दिव्याचा रंग जरा पिवळट असला की चेहरा पिवळा दिसणारच. पुढे कळलं की भिशीतल्या ज्या तिघींकडे ती गेली त्या तिघी 'ऑटम'च निघाल्या. माझा रंग गहूवर्णी, दुसरी चांगली गोरीपान, तिसरी सावळी. आणि तिच्या गाडीतल्या विकायच्या साड्या? मोहरी, विटकरी, शेवाळी. सगळा ऑटम.

मग फोटो. 'बिफोर' फोटो ती परकर-ब्लाउजवर काढते. ठेवण कळायला हवी म्हणे. बाईसमोर बाई, त्यात काय, म्हणून आपण उभ्या राहतो. या फोटोंबद्दल पुढे सांगते.

त्यानंतर तिचा सूर पालटला. वाईट एक शब्द बोलली नाही. नुसती बघायची आणि उसासा टाकायची. 'खांदे उतरते आहेत ना.' 'उंचीला हे मारतं.' 'हे तुमच्या वयाला... चालेल म्हणा.' असं तासभर चाललं की आपलंच कपाट परक्याचं वाटायला लागतं. सकाळी ऑफिसला जाताना ज्या कुर्त्यात मला काही खटकलं नव्हतं तोच मी स्वतःच्या हाताने बाजूला टाकला. ज्या बाईने भिशीत आत्मविश्वास वाटला तिने तो माझ्याकडून असा परत काढून घेतला, आणि मग थोडाथोडा विकायला काढला.

पलंगावर तीन ढीग केले: ठेवायचं, दुरुस्त करायचं, जाऊ द्यायचं. नियम एकच, वर्षभरात अंगाला लागलं नसेल ते जाऊ द्यायचं. जीन्स-टीशर्टला हा नियम ठीक आहे. शालू कुणी दरवर्षी नेसतं का? तो घरात पुढचं लग्न निघेपर्यंत मलमलीत गुंडाळून राहण्यासाठीच असतो. पण त्या क्षणी नियम नियमासारखा वाटतो.

एक गोष्ट मी तेव्हा पाहिली आणि तिचा अर्थ पुढे लागला. कुर्ते, ड्रेस ती नुसते उलगडून टाकत होती. जरीच्या साड्या मात्र उलट्या करायची, काठ अंगठ्याखाली धरायची आणि नखाने जरीची तार जराशी खरवडायची. शालूला तिने असं दोन ठिकाणी केलं. नवी पॉवरलूमची पैठणी होती, तिला एकदाच नख लावलं आणि 'ही ठेवा, छान आहे' म्हणून घडी घातली. खऱ्या जरीत लाल-पिवळ्या रेशमी दोऱ्याभोवती चांदीची बारीक चपटी तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचं पाणी. खरवडली की आतला दोरा आणि चांदीचा पांढुरका रंग दिसतो. हलक्या जरीत तांबं निघतं किंवा नुसता चकचकीत प्लॅस्टिकचा पापुद्रा. चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून जुन्या साड्यांची जर शोधणारे वाढले आहेत. काठ जाळून चांदी काढतात आणि वजनावर पैसे मिळतात.

ती साड्या 'टाकून द्या' म्हणाली नाही, तेवढी हुशारी होती. म्हणाली, 'आठवण कपाटात कुजवू नका, अंगावर घाला.' शालूच्या काठाचं जॅकेट, पैठणीच्या पदराचं ब्लाउज, चंदेरीचा दुपट्टा. शिलाई ३,५०० रुपये. उरलेलं कापड परत देणार होती. आमच्या लहानपणी बोहारीण जुन्या जरीच्या लुगड्यांवर डोळा ठेवूनच यायची, पण ती निदान पातेलं तरी देऊन जायची.

त्याच दिवशी माझ्या 'पॅलेट'मधल्या, म्हणजे मला शोभणाऱ्या रंगांतल्या, दोन हातमागाच्या माहेश्वरी साड्या तिने ४,८०० प्रमाणे दिल्या. दोन्हींवर सिल्क मार्कची, म्हणजे अस्सल रेशमाच्या खुणेची, चिठ्ठी. माहेश्वर इथून शंभर किलोमीटरच्या आत. अहिल्याबाईंच्या काळापासूनचे तिथले माग आपण येता-जाता बघतो, त्यामुळे माहेश्वरी आपल्याला कळते असा इंदूरकरांना एक अभिमान असतो. विकणाऱ्यांनाही तो ठाऊक असतो.

जॅकेट आलं ते सुंदर शिवलेलं. मी ते घालून घरच्या साखरपुड्याला गेले. आतेसासूबाईंनी बाही हातात घेतली, काठ उलटा केला आणि म्हणाल्या, 'अगं, ही वहिनीच्या शालूची जर नव्हे. तिच्या काठात कोयऱ्या होत्या, देठ डावीकडे वळलेले. हे सरळ देठ कुठले?' घरी येऊन सासूबाईंच्या लग्नाचा फोटो काढला. देठ डावीकडेच.

मग दोन्ही माहेश्वरी घेऊन क्लॉथ मार्केटमधल्या ओळखीच्या दुकानदाराकडे गेले. त्यांनी काठाची उलटी बाजू पाहिली. माहेश्वरीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा, साडी उलटसुलट कशीही नेसता येते. इथे मागे कापलेल्या दोऱ्यांची पिसं होती. मग पदराच्या टोकाचा एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काढला आणि काडी लावली. माहेश्वरीत बहुधा उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा. रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. सूत कागदासारखं जळतं. हे दोन्ही धागे वितळले आणि टोकाला काळा कडक मणी झाला. 'पॉलिस्टर है भाभीजी, पावरलूम का,' एवढंच म्हणाले. काठावर बारीक भोकं दिसली की हातमाग, असं सर्रास सांगतात. त्यावर जाऊ नका, पॉवरलूमच्या कापडालाही तशा खुणा येतात. सिल्क मार्कची चिठ्ठी तर नुसती छापलेली होती, होलोग्राम नाही. शिवाय ती खूण रेशीम अस्सल असल्याची. हातमागाचं तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि अर्ध्या सुताच्या साडीवर शुद्ध रेशमाची चिठ्ठी कशी, हा प्रश्न उरतोच. हातमागाची सरकारी खूण वेगळी आहे, हँडलूम मार्क.

फोन केला तेव्हा आधी 'कारागीर गावी गेलाय', मग 'काठ फाटले होते म्हणून तसाच दुसरा लावला', मग 'उरलेलं कापड डोनेट केलं'. विजय नगरात जिथे तिचा स्टुडिओ होता ती तासावर भाड्याने मिळणारी खोली निघाली. मी पोलिसांचं नाव काढलं तेव्हा अगदी गोड आवाजात म्हणाली, 'बघा मॅम, तुमचे बिफोर फोटो आहेतच माझ्याकडे. उगाच वाद कशाला?'

बायका गप्प का बसतात ते मला तेव्हा कळलं. बाकीच्या दोघींनाही हेच वाक्य ऐकवलं होतं. ही उघड धमकी आहे. असं कुणी बोललं तर संभाषण पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर महिलांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे तिथे नोंदवा. मी नोंदवल्यावर त्या फोटोंबद्दल ती पुन्हा चकार शब्द बोललेली नाही.

ठाण्यात पहिलं उत्तर आलं, 'ये तो लेन-देन का मामला है.' तसं नाही. सांभाळायला किंवा कामासाठी दिलेली वस्तू परस्पर विकणं हा विश्वासघात, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६. फसवणुकीचं कलम ३१८. हे लिहूनच अर्ज नेला आणि त्याची पोच घेतली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर वेगळी तक्रार केली. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो आणि मुदत दोन वर्षांची. यूपीआयने पैसे गेले असतील आणि लगेच लक्षात आलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. माझे तर कधीच सरकले होते.

सर्वांत उपयोगी पडला तो तिचाच फोटो. तीन ढिगांचा 'आफ्टर' फोटो तिने कौतुकाने मला पाठवला होता. त्यात 'जाऊ द्यायचं'च्या ढिगात कुर्त्यांच्या खाली शालूचा काठ स्वच्छ दिसतो, कोयरीच्या देठासकट. म्हणून सांगते, जरीची साडी शिवायला, पॉलिशला, कुणाच्याही हाती देताना आधी काठाचा, पदराचा आणि उलट्या बाजूचा जवळून फोटो काढा, तागडीवर वजन करा आणि दोन्ही लिहून समोरच्याची सही घ्या. आमच्या जुन्या रफूवाल्याने कधीच नाही म्हटलं नाही, उलट वहीत स्वतःच लिहून घेतो. जी बाई 'एवढा अविश्वास, ताई?' म्हणते तिच्या हाती पिशवी देऊ नका.

आयोगाची नोटीस गेल्यावर दोन साड्यांचे ९,६०० रुपये परत आले, 'गैरसमज झाला' या शेऱ्यासह. फी आणि शिलाई अडकलीच आहे. शालूचा पत्ता नाही. सराफ्यात विचारलं तर एका जुन्या व्यापाऱ्याने सांगितलं की असे काठ आले की त्याच आठवड्यात भट्टीत जातात.

आता ती उज्जैनला नवरात्राच्या नऊ रंगांचं पॅकेज विकते आहे असं कळलं, दुसऱ्या नावाने. आमच्या भिशीतल्या दोघींपैकी एकीने परवा ठाण्यात अर्ज दिला. दुसरी म्हणते, आधी घरी सांगते, मग बघू.