बोलोन्याची पायी टूर: इटलीला जात असाल तर एक संध्याकाळ राखून ठेवाच

पुण्याहून इटलीला जाणारे बहुतेक जण रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून परत येतात आणि बोलोन्या राहून जातं, म्हणून मुद्दाम लिहितेय. आम्ही गाइडबरोबरची ग्रुप टूर घेतली, पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकापासून सुरू. तिथल्या सान पेत्रोनिओ चर्चच्या फरशीत 1655 साली कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाने आखलेली लांबच लांब रेघ आहे, छतातल्या बारीक भोकातून येणारं ऊन दुपारी त्या रेघेवर कुठे पडतं त्यावरून वर्षातला दिवस कळतो, भारीच! बाहेर पोदेस्ता राजवाड्याच्या कमानीखाली एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येतं. माझ्या आईने तिकडून "अगं, ऐकू आलं!" असं ओरडून अख्खा चौक दणाणून सोडला.

97 मीटरचा असिनेल्ली मनोरा आणि शेजारचा कललेला गारिझेंडा खालूनच बघितले. रस्त्याकडेच्या कमानींचे व्हरांडे तर इतके सलग की पावसातही छत्री लागत नाही, 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेत ते.

अंधार पडल्यावर खरी मजा. क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत ड्रिंकबरोबर चटकमटक खाणं, मग विया झाम्बोनी या रस्त्यावर स्टुडंट्सची गर्दी, 1088 पासूनचं विद्यापीठ आहे बाबा!

तक्रार एकच, बाजारात गाइड फार पळवतो आणि मागच्यांना काही ऐकू येत नाही. शाकाहारींनी तोर्तेल्लिनी (सारण भरलेला पास्ता) नको, आत मांस असतं, रिकोटा चीजवाली तोर्तेल्लोनी मागा. शूज मात्र चांगले घाला.