हार्ड डिस्क, क्लाउड की घरचा सर्व्हर : आपले काम कशावर जपावे?

छायाचित्रकार, संगीतकार, लेखक किंवा दिवाळी अंकाची मांडणी करणारे कलाकार बॅकअपचा विचार करू लागतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘किती टीबीची डिस्क घेऊ?’ हा असतो. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आपल्याला नेमके कोणत्या नुकसानीपासून वाचायचे आहे? काम चार प्रकारे हातचे जाते. यंत्र बंद पडते. आपल्याच हातून फाइल पुसली जाते किंवा जुन्या आवृत्तीवर नवी चुकीची आवृत्ती साठवली जाते. चोरी, आग, पूर यांत यंत्र आणि त्याच्या शेजारची डिस्क एकदमच जातात. आणि चौथा प्रकार असा, की फाइल पूर्ण शाबूत असूनही ती उघडता येत नाही. बाजारात मिळणारा कोणताही एक पर्याय या चारही संकटांवर पुरा पडत नाही, म्हणून पुढील तुलना किमतीपेक्षा या कसोटीवर केली आहे.

आपल्या कामाचा आकार मात्र आधी मोजून घ्यावा, कारण पुष्कळसा निर्णय तिथेच होतो. लेखकाचे आयुष्यभराचे लेखन सहसा एका जीबीतही मावते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न झालेली) साधारण २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे एका लग्नाची दोन हजार छायाचित्रे ५० ते ६० जीबी जागा घेतात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर केलेल्या ध्वनिमुद्रणाचा एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी भरतो; सोळा ट्रॅकची तासभराची मैफल आठ जीबीच्या पुढे जाते. लेखकासाठी क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून वापरायची कंपनीची साठवण, सोयीचा आहे. उरलेल्या दोघांना डिस्कवाचून गत्यंतर नाही.

बाहेरून जोडायची हार्ड डिस्क हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वेगवान पर्याय आहे. पहिल्या संकटावर ती उत्तम उपाय आहे. दुसऱ्यावर मात्र तेव्हाच, जेव्हा बॅकअप हाताने ओढून टाकण्याऐवजी एखाद्या प्रणालीकडे सोपवलेला असतो. मॅकवरील टाइम मशीन गेल्या चोवीस तासांच्या दर तासाच्या, गेल्या महिन्याच्या दररोजच्या आणि त्याआधीच्या दर आठवड्याच्या प्रती ठेवते. विंडोजवर फाइल हिस्टरी हे काम करते. मंगळवारी बिघडवलेले मुखपृष्ठ गुरुवारी लक्षात आले, तर सोमवारची प्रत यातूनच मिळते. नुसत्या ‘कॉपी-पेस्ट’मध्ये ती सोय नाही. खरेदी करताना डिस्कची मांडणी (फॉरमॅट) हीही पाहावी: विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅकवर वाचता येते, पण त्यावर लिहिता येत नाही, त्यामुळे दोन्ही यंत्रांत फाइली नेण्या-आणण्यासाठीची डिस्क दोन्हींवर चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीची घ्यावी.

साधी हार्ड डिस्क की एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, हा प्रश्न इथे हमखास येतो. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने ती प्रवासात, चित्रीकरणाच्या जागी आणि रोजच्या कामासाठी निःसंशय चांगली. परंतु वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी माझा कौल साध्या हार्ड डिस्कला आहे. एसएसडीतील माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि विजेविना, विशेषतः उष्णतेत, तो भार हळूहळू ओसरतो. लेखनक्षमता संपत आलेल्या घरगुती वापराच्या एसएसडीकडून चिप उद्योगाची मानके ठरवणाऱ्या जेडेक संस्थेचे मानक ३० अंश सेल्सिअसला वीज न देता एक वर्ष माहिती टिकण्याचीच अपेक्षा ठेवते. नवी डिस्क यापेक्षा बराच काळ टिकेल. पण विदर्भातल्या मे महिन्यात बंद कपाटात ३० अंशांइतके कमी तापमान कुठून येणार? पेन ड्राइव्ह फाइल इकडून तिकडे नेण्यासाठी आहे, जपण्यासाठी नाही.

क्लाउडविषयी अधिक सावधपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे गैरसमज जास्त आहेत. गूगल १५ जीबी जागा विनामूल्य देते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींत वाटलेली असते. वनड्राइव्ह आणि आयक्लाउड प्रत्येकी ५ जीबी देतात, ड्रॉपबॉक्स २ जीबी. दोन टीबी जागा भाड्याने घेतली, तर वर्षाच्या भाड्यात आणि तेवढ्याच क्षमतेच्या साध्या हार्ड डिस्कच्या किमतीत फार अंतर उरत नाही. फरक एवढाच, की भाडे दरवर्षी द्यावे लागते. वेगाचाही हिशेब करावा. घरच्या जोडणीचा अपलोड वेग २० एमबीपीएस असेल, तर एक टीबी काम वर चढायला अखंड साडेचार दिवसांहून अधिक वेळ लागतो, आणि संकटानंतर ते परत खाली उतरवायलाही वेळ लागतोच.

खरा धोका मात्र याहून आतला आहे. ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स या मुळात सर्व यंत्रांवर एकच फोल्डर सारखा ठेवणाऱ्या सेवा आहेत. बॅकअप म्हणजे जुनी अवस्था वेगळी जपून ठेवणे. एका यंत्रावर फाइल पुसली, की ती सगळीकडून पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचराकुंडीत ती ३० दिवस राहते आणि मग कायमची जाते. वर्षातून एकदा, अंकाच्या हंगामातच उघडला जाणारा फोल्डर जानेवारीत चुकून पुसला गेला, तर ऑगस्टमध्ये तो कुठेही सापडणार नाही. दुसरी गोष्ट याहूनही सहज नजरेतून सुटते: जागा वाचवण्यासाठी या सेवा काही फाइलींचे फक्त नाव संगणकावर ठेवतात आणि मूळ फाइल क्लाउडवरच असते. असा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतला असे आपल्याला वाटते, तेव्हा त्यातील काही फाइली तिथे पोहोचलेल्याच नसण्याची शक्यता असते. म्हणून क्लाउडमधील कामाचा फोल्डर डिस्कवर घेण्यापूर्वी तो ‘या यंत्रावर कायम ठेवा’ अशा पर्यायावर लावणे अत्यावश्यक आहे. याशिवाय गूगलच्या नियमानुसार वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरले नाही, तर ते त्यातील मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते. दिवंगत कलाकाराच्या कुटुंबीयांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

घरचा सर्व्हर, म्हणजे ज्याला नॅस म्हणतात ती दोन किंवा अधिक डिस्कची पेटी, दोन-तीन माणसे एकाच प्रकल्पावर काम करीत असतील तरच घ्यावी. तिच्यातील दोन डिस्क सहसा एकमेकींची प्रतिबिंबे असतात, त्यामुळे एक बंद पडली तरी काम थांबत नाही. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी जाते. तिला यूपीएस लागतो, देखभाल लागते, आणि तिचाही वेगळा बॅकअप लागतो. एकट्याने काम करणाऱ्यास मी ती सुचवणार नाही.

तिसऱ्या संकटापुढे घरातील सगळीच उपकरणे सारखी असहाय असतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, जुलै २०२१मध्ये चिपळूण बुडाले. अशा वेळी टेबलावरचा संगणक आणि खणातली डिस्क यांत काहीच फरक राहत नाही. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम याचसाठी आहे: कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. ज्यांचे काम क्लाउडच्या आवाक्याबाहेरचे आहे, त्यांनी दुसरी डिस्क परगावच्या भावाकडे किंवा मैत्रिणीकडे ठेवावी आणि सणासुदीला जाताना बदलून आणावी. न जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसपासूनही सुरक्षित राहते.

चौथे संकट, म्हणजे शाबूत फाइल उघडता न येणे, मराठीत काम करणाऱ्यांना सर्वाधिक भोवले आहे आणि त्याविषयी कोणताही विक्रेता बोलत नाही. सर्व यंत्रांवर सारखी चालणारी युनिकोड ही अक्षरपद्धती रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या मराठी टंकलेखनाच्या प्रणालींवर टंकलेला मजकूर आतून रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेला असतो. तो फॉन्ट नसेल, तर कथेच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते, आणि एका फॉन्टसाठीचा परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही. रफार आणि पहिली वेलांटी तर हमखास जागा सोडतात. पानांची मांडणी करणाऱ्या पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ची आहे, आणि त्याच्या फाइली त्याची जागा घेतलेल्या इनडिझाइनच्या सीएस६ नंतरच्या आवृत्त्या उघडत नाहीत. अडोबीने जानेवारी २०२३मध्ये टाइप १ या जुन्या प्रकारच्या फॉन्टचा आधारही काढून घेतला. म्हणजे वीस वर्षांचे अंक तीन डिस्कवर निर्दोष साठवलेले असूनही वाचता येणार नाहीत, अशी स्थिती येऊ शकते. ज्यांच्याकडे जुने यंत्र अजून चालू आहे, त्यांनी नवी डिस्क विकत घेण्याआधी त्या यंत्रावरून प्रत्येक अंकाची फॉन्टसह पीडीएफ काढावी आणि मजकूर युनिकोडमध्ये आणून मुद्रितशोधकाकडून तपासून घ्यावा. छायाचित्रकारांनी लाइटरूम या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग (छायाचित्रांवरील बदलांची नोंद), आणि संगीतकारांनी प्रत्येक ट्रॅकची स्वतंत्र वेव्ह फाइल मूळ प्रकल्पाबरोबर ठेवावी. नाहीतर छायाचित्रांवरचे संस्कार आणि संगीताचे मिश्रण हरवून फक्त कच्चा माल उरतो.

फोल्डरांच्या रचनेबाबत थोडक्यात: वर्ष, मग प्रकल्प, आणि फाइलच्या नावात ‘फायनल’, ‘फायनल नवे’ यांऐवजी २०२५-०८-१४ अशी तारीख, म्हणजे आवृत्त्या आपोआप क्रमाने लागतात.

निर्णय असा करावा. काम १०० जीबीच्या आत असेल, तर भाड्याचा क्लाउड आणि आवृत्त्या जपणारी एक हार्ड डिस्क घ्यावी. त्याहून मोठे असेल, तर सारख्या क्षमतेच्या दोन हार्ड डिस्क, त्यांपैकी एक परगावी, आणि चालू प्रकल्पापुरता क्लाउड. पैसे एकाच डिस्कपुरते असतील, तर एसएसडीचा मोह टाळून साधी डिस्क घ्यावी. आणि कोणताही पर्याय निवडला, तरी पहिल्याच आठवड्यात एक जुना प्रकल्प त्या प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर उतरवून, उघडून, शेवटच्या पानापर्यंत पाहून घ्यावा.